डबा घेऊन बसायचं कुठे?

अमेरिकेत सहावीत गेलेल्या मुलाची खरी परीक्षा जेवणाच्या सुट्टीत होते. हातात ट्रे, समोर मुलांनी गजबजलेला हॉल, लांबलचक टेबलं आणि प्रत्येक टेबलावर आधीच जमलेला घोळका. जेवायला वेळ मिळतो जेमतेम, त्यातली दोन-तीन मिनिटं जागा शोधण्यात जातात. तेवढ्यात ट्रे धरून इकडेतिकडे बघत उभं राहिलं की सगळ्यांना कळतं, याला कुणी नाही. नको त्या टेबलावर जाऊन बसलं तर आणखीच पंचाईत. या वयाच्या मुलांसाठी तिकडे जी कादंबरी लिहिली जाते तिला 'मिडल ग्रेड' म्हणतात. वाचक साधारण आठ ते बारा वर्षांचे, नायक त्यांच्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा, निवेदन बहुतेक वेळा 'मी'चं. आणि हा ट्रे घेऊन उभं राहण्याचा प्रसंग तिच्यात इतक्या वेळा येतो की एखादं पुस्तक त्याच्याशिवाय संपलं तर चुकल्याचुकल्यासारखं वाटावं.

आपल्याकडचा वाचक म्हणेल, एवढं काय त्यात? आपली मुलंही जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा संपवून पाचवीला शेजारच्या गावच्या हायस्कूलला जातातच की. फरक तुकडीचा आहे. आपली 'पाचवी ब' वर्षभर एका खोलीत, बहुतेक ठरलेल्या बाकावर बसते. घंटा झाली की सर बदलतात, मुलं जागची हलत नाहीत. अमेरिकेतल्या मिडल स्कूलमध्ये उलटा प्रकार. शिक्षक आपापल्या खोलीत असतात आणि मुलं वह्या-पुस्तकं छातीशी धरून तासातासाला खोल्या बदलतात. गणिताला एक घोळका, विज्ञानाला दुसरा, चित्रकलेला तिसराच. प्राथमिक शाळेत एक बाई, एक वर्ग, भिंतीवर आपल्या नावाची चिठ्ठी असा सगळा घरगुती कारभार असतो. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तो संपतो. त्यानंतर दिवसभरात आपली माणसं कोण, हे कुठल्याच हजेरीपटावर लिहिलेलं नसतं. जिथे आपली आपण निवड करायची अशी जागा एकच उरते, ती म्हणजे जेवणाचं टेबल. त्यामुळे 'मी कोण' हा मोठमोठ्या तत्त्वज्ञांना छळणारा प्रश्न इथे रोज दुपारी, भूक लागलेली असताना, खुर्चीच्या रूपाने समोर येतो.

गंमत म्हणजे ही शाळा या वयाला जपण्यासाठीच काढलेली. ओहायोतल्या कोलंबस शहरात १९०९ मध्ये पहिलं ज्युनियर हायस्कूल सुरू झालं, सातवी ते नववीचं. ते मोठ्या हायस्कूलची धाकटी नक्कलच झालं, अशी तक्रार पुढे होत राहिली. १९६३ मध्ये विल्यम अलेक्झांडर या शिक्षणतज्ज्ञाने या वयाच्या मुलांच्या गरजा ओळखून वेगळी 'मधली शाळा' असावी अशी कल्पना मांडली, आणि सहावी ते आठवीचा आजचा साचा हळूहळू देशभर रुजला. पण नेमक्या त्याच वयात अंग वाढत असतं, आवाज फुटत असतो, पाळी येत असते आणि सगळं जग आपल्याकडेच टक लावून बघतंय असं वाटत असतं. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये याला 'कल्पित प्रेक्षक' म्हटलं. मुलगी नाकावरच्या फोडामुळे दिवसभर मान खाली घालून फिरते, आणि बाकीच्या मुलींना तो दिसतही नाही, कारण त्या आपापल्या फोडांच्या काळजीत असतात. कॅफेटेरियात मात्र हा प्रेक्षक कल्पित नसतो. तिथे तो खरोखरच दोनशेच्या संख्येने हजर असतो.

या प्रकारच्या कादंबरीचा पाया ज्या पुस्तकांनी घातला त्यातलं एक ठळक नाव म्हणजे जूडी ब्लूमचं 'आर यू देअर गॉड? इट्स मी, मार्गारेट', १९७० सालचं. न्यू यॉर्क सोडून न्यू जर्सीच्या उपनगरात आलेली सहावीतली मार्गारेट. वडील ज्यू, आई ख्रिश्चन घरातली, दोघांनीही धर्म सोडलेला, आणि मुलीला प्रश्न की आपण नक्की कुठल्या. त्या भागात लोक ज्यूंच्या क्लबात जातात नाहीतर ख्रिश्चनांच्या, मधली जागा नाहीच. पाळी आणि ब्रेसियर यांबद्दल उघड लिहिल्यामुळे हे पुस्तक पुढे अनेक शाळांच्या कपाटांतून बाहेर काढलं गेलं आणि सगळी चर्चा त्या एकाच गोष्टीभोवती फिरत राहिली. माझ्या मते पुस्तकाचा गाभा दुसरीकडे आहे. वर्गात लॉरा डँकर नावाची एक मुलगी आहे. ती बाकीच्या मुलींच्या आधी वयात आलेली, उंच, भरलेल्या अंगाची. तिच्याबद्दल काहीबाही कुजबुजत राहणं हे मार्गारेटच्या मैत्रिणींच्या गटाचं जणू सभासदत्व. एके दिवशी ग्रंथालयात दोघी एकत्र अभ्यास करत असताना मार्गारेट तीच ऐकीव बडबड लॉराच्या तोंडावर फेकते. लॉरा चिडते, रडवेली होते, निघून जाते. मार्गारेट तिच्या मागोमाग चर्चपर्यंत जाते आणि कबुलीजबाबाच्या खोलीत शिरून, धड काही न सांगता पळ काढते.

हा प्रसंग बारकाईने बघण्यासारखा आहे. मार्गारेट स्वतः उपरी, कुठल्याच खान्यात न बसणारी. म्हणजे लॉराचं दुःख समजायला सगळ्यात जवळची तीच. आणि गटात राहण्यासाठी ती नेमका लॉराचाच बळी देते. या साहित्यप्रकाराची उत्तम पुस्तकं मी याच खुणेने ओळखतो. आपलं म्हणवून घेण्याची किंमत नायक स्वतःच्या खिशातून देत नाही. ती त्याच्यासारख्याच, त्याच्याहून थोड्या कमजोर मुलाकडून वसूल होते.

पण या खुणेपर्यंत पोचण्याआधी बरीच मुलं पुस्तकांत दिसणंच गरजेचं होतं, आणि ती दिसत नव्हती. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी तीन वर्षांत आलेली पाच हजारांहून अधिक बालपुस्तकं तपासून 'सॅटर्डे रिव्ह्यू'त लेख लिहिला. त्यांपैकी ६.७ टक्के पुस्तकांत एखादं कृष्णवर्णीय पात्र होतं, आणि त्यातही तेव्हाच्या काळात जगणारं पात्र शोधायला गेलं तर टक्काही भरत नव्हता. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालसाहित्य केंद्राने १९८५ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा वर्षाच्या सुमारे २,५०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची निघाली अवघी १८. २०१४ च्या मार्चमध्ये वॉल्टर डीन मायर्स या ज्येष्ठ लेखकाने 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये त्याच केंद्राचा आदल्या वर्षाचा आकडा पुढे ठेवला. ३,२०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लोकांविषयीची ९३. लेख गाजला, 'वी नीड डायव्हर्स बुक्स' ही चळवळ त्याच वर्षी उभी राहिली आणि प्रकाशकांना जाग आली. त्यानंतरच्या दहा वर्षांत या दालनाचा चेहराच बदलला.

या चळवळीच्या तोंडी जो दाखला कायम असतो तो रूडिन सिम्स बिशप या प्राध्यापिकेचा, १९९० चा. पुस्तक हे मुलासाठी कधी आरसा असतं, कधी खिडकी, कधी पलीकडे जाता येईल असं सरकतं दार. दाखला उत्तम आहे, पण त्याचा वापर जरा सोयीने होतो. आरसा म्हणजे आपली छान तसबीर, असं समजून पुष्कळ पुस्तकं लिहिली गेली. त्यांत स्थलांतरितांचा मुलगा गुणी, घरचं जेवण चविष्ट, आजी शहाणी आणि दुष्टपणा काय तो गोऱ्या मुलांचा. आरशात दातात अडकलेली कोथिंबीरही दिसते, हे त्यांनी सोडून दिलं.

जीन ल्युएन यँगने सोडलं नाही. २००६ मधलं त्याचं 'अमेरिकन बॉर्न चायनीज' हे चित्रकादंबरीच्या रूपातलं पुस्तक, दुकानांत थोड्या मोठ्या मुलांच्या कपाटात असलं तरी बोलतं याच वयाबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून उपनगरात आलेला जिन वाँग वर्गात एकटा पडतो, त्याच्या डब्यातल्या खाण्यावरून मुलं कुत्र्यामांजराचे विनोद करतात. दोन वर्षांनी तैवानहून वेई-चेन नावाचा मुलगा त्याच वर्गात येतो. कुणीतरी आपल्यातला दिसला म्हणून हरखून तो जिनशी चिनीत बोलायला जातो, आणि जिन त्याला तुसडेपणाने इंग्रजीत बोलायला सांगतो. पुढे दोघांची गट्टी जमतेही, पण जिनच्या मनातली लाज जात नाही. गोऱ्या वर्गमित्रासारखे कुरळे केस करून घेण्यापासून सुरू झालेला प्रवास शेवटी संपूर्ण चेहरा बदलण्यापर्यंत जातो, आणि वाटेत वेई-चेनशी असलेली मैत्री तुटते. या कथेशेजारी माकडराजाची जुनी चिनी पुराणकथा आणि चिन्यांची हिणकस टिंगल करणारी टीव्ही मालिका अशा आणखी दोन कथा चालतात, आणि शेवटाकडे तिन्ही एकमेकींत अशा शिरतात की पहिली पानं पुन्हा उघडावी लागतात. नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत पोचलेली ही पहिली चित्रकादंबरी.

भारतीय मुलांच्या पुस्तकांतही हीच ठिणगी दिसते. 'सेव्ह मी अ सीट' (२०१६) हे सारा वीक्स आणि गीता वरदराजन यांनी मिळून लिहिलेलं. बंगळुरूहून न्यू जर्सीला आलेला पाचवीतला रवी, हुशार, क्रिकेटमध्ये तरबेज, आपल्या शाळेत सगळ्यांचा लाडका. इथे बाईंना त्याचं नाव धड म्हणता येत नाही, त्याचे उच्चार कळत नाहीत, म्हणून त्याला जादा मदत लागणाऱ्या मुलांच्या खोलीत पाठवलं जातं. वर्गात डिलन समरीन नावाचा अमेरिकेत जन्मलेला भारतीय मुलगा आहे. रवी मनाशी धरून चालतो की हा आपला मित्र होणार, दोघं एकाच मुळाचे. तो आपली टर उडवतोय हे कळायला रवीला वेळ लागतो. खरा धक्का त्याच्या पुढे आहे. बंगळुरूच्या वर्गात रामस्वामी नावाचा एक मुलगा होता, मागे पडणारा, सगळ्यांच्या टिंगलीचा विषय. त्याला हसणाऱ्यांत रवीही होता. डिलनकडे बघता बघता रवीला स्वतःचा जुना चेहरा दिसू लागतो. सगळी कथा एका आठवड्यात घडते आणि भागांची नावं त्या-त्या दिवशीच्या कॅफेटेरियातल्या पदार्थांवरून आहेत, हे वेगळं सांगायला नको.

सुप्रिया केळकर यांच्या 'अमेरिकन ॲज पनीर पाय' (२०२०) मधली लेखा दिवेकर तर आडनावावरूनच आपल्या ओळखीची. मिशिगनमधलं छोटं गाव, त्यात भारतीय वंशाची ही एकटीच मुलगी. कपाळावर जन्मतःच टिकलीसारखी खूण आहे. शाळेत जाताना ती केस पुढे ओढून, पिना लावून ती खूण झाकते. घरची लेखा हिंदी सिनेमे बघते, आवडीने आपलं जेवण जेवते. शाळेतली लेखा कुणी काही बोललं तरी गप्प राहते. समोरच्या घरात तिच्याच वयाची अवंतिका राहायला येते तेव्हा तिला आनंदाचं भरतं येतं. अवंतिका तोंड उघडते आणि आनंद ओसरतो. नुकतीच भारतातून आलेली ती, तिच्या इंग्रजीला भारतीय वळण. इतकी वर्षं जे झाकायला धडपड केली ते सगळं अंगाखांद्यावर मिरवत ही मुलगी शाळेत येणार, आणि लोक आपल्याला तिच्याच जोडीला बसवणार! उलट अवंतिकाला दोन-दोन आयुष्यं जगायची गरजच वाटत नाही, चिडवणाऱ्यांना ती परत सुनावते. कपाळावरची खूण झाकण्यासाठी रोज सकाळी लावलेली ती पिन मला गोऱ्या मुलांच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त बोचली.

मराठीत अमेरिका भरपूर लिहिली गेली आहे. प्रवासवर्णनं, पत्रं, दिवाळी अंकांतले लेख, मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांच्या आठवणी. पण ती बहुतेक मोठ्यांच्या बाजूने. रविवारी मराठी शाळेत बसवलेल्या त्या मुलाला सोमवारी सकाळी काय वाटतं, ते वाचायचं तर या इंग्रजी पुस्तकांकडे जावं लागतं. केळकरांचा पाय मात्र दोन्हीकडे आहे. त्यांची पहिली किशोर कादंबरी 'अहिंसा' (२०१७) घडते १९४२ च्या भारतात. ती त्यांच्या पणजींच्या आयुष्यावरून सुचलेली. या पणजी म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या अनसूयाबाई काळे, स्वतंत्र भारताच्या लोकसभेत नागपूरच्या खासदार. त्या कादंबरीतली अंजली आईच्या सत्याग्रहामुळे शाळेत आणि गावात एकटी पडते, आणि अस्पृश्यतेच्या प्रश्नाला भिडताना आपल्याच घरातल्या सवयी तिला खुपू लागतात. म्हणजे देश बदलला, काळ बदलला, तरी लेखिकेचा रोख तोच, आपल्याच माणसांनी आखलेल्या रेघांकडे.

सगळीच गाजलेली पुस्तकं या कसोटीला उतरत नाहीत. आर. जे. पलासिओंचं 'वंडर' (२०१२) घ्या. जन्मतः चेहऱ्यात व्यंग असलेला ऑगी पाचवीत पहिल्यांदाच शाळेत जातो. लाखो प्रती खपल्या, सिनेमा निघाला, शाळाशाळांत दयाळूपणाच्या मोहिमा निघाल्या. ऑगी गोड आहे, पण तो बहुतेक वेळ इतरांच्या चांगुलपणाची परीक्षा घेणारा पेपर होऊन बसतो, आणि शेवटी भरसभेत सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. पुस्तकात जीव येतो तो त्याच्या बहिणीच्या, व्हियाच्या भागात. नव्या हायस्कूलमध्ये कुणालाच तिचा भाऊ माहीत नाही, आणि त्यामुळे तिला बरं वाटतं. शाळेतल्या नाटकाबद्दल ती घरी सांगत नाही. भावावर जीव टाकणारी ही मुलगी त्याला लपवते. पलासिओंनी तिला शिक्षा केली नाही, हे त्यांचं मोठेपण. याच्या शेजारी सीसी बेलचं 'एल डेफो' (२०१४) ठेवावं. चौथ्या वर्षी मेनिंजायटिसने ऐकू येणं गेलेल्या लेखिकेची ही स्वतःची गोष्ट, पात्रं सगळी ससे. बाईंच्या गळ्यातला माइक थेट तिच्या छातीवरच्या यंत्राला जोडलेला असतो, आणि बाई तो बंद करायला विसरल्या की शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पाच काय, स्वच्छतागृहातले आवाजही तिला ऐकू येतात. ही सीसी कुणाच्या दयेसाठी थांबत नाही. ऐकू येणाऱ्या या चोरट्या आवाजांच्या जोरावर ती वर्गात भाव खाते.

अशा पुस्तकांत उपदेश का शिरतो, याचं कारण बाजारात आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या खिशात पैसे नसतात. पुस्तक त्याच्यापर्यंत पोचायचं तर आई, शिक्षक, ग्रंथपाल, शाळेतलं पुस्तक प्रदर्शन एवढ्या चाळण्यांतून जावं लागतं, आणि यातल्या प्रत्येकाला 'यातून मुलं काय शिकतील?' हे विचारायचं असतं. जेरी क्राफ्टच्या 'न्यू किड' (२०१९) ने या प्रश्नालाच चिमटा काढला. न्यू यॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स भागातला जॉर्डन बँक्स त्याच शहरातल्या श्रीमंत वस्तीतल्या खासगी शाळेत जातो. बसच्या एका प्रवासात वस्ती बदलेल तसा त्याचा बसण्याचा, बघण्याचा ढंग बदलत जातो, हे क्राफ्टने शब्दांपेक्षा चित्रांतूनच सांगितलंय. बाई त्याच्या मित्राला, ड्रूला, दुसऱ्याच कृष्णवर्णीय मुलाच्या नावाने हाक मारत राहतात. आणि शाळेच्या पुस्तक प्रदर्शनात गोऱ्या मुलांसाठी ड्रॅगन आणि जादू, तर काळ्या मुलांसाठी गल्लीतली गुन्हेगारी आणि हालअपेष्टा. त्या मुखपृष्ठांची नक्कल क्राफ्टने इतकी हुबेहूब केलीय की हसू आवरत नाही. २०२० मध्ये या पुस्तकाला बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक मिळालं. १९२२ पासून दिल्या जाणाऱ्या या सन्मानाच्या इतिहासात चित्रकादंबरीला मिळालेलं हे पहिलंच. पुढच्याच वर्षी टेक्ससमधल्या केटी इथल्या शाळांनी पालकांच्या तक्रारीवरून ते काही दिवस कपाटातून काढलं, क्राफ्टचा मुलांशी ठरलेला ऑनलाइन कार्यक्रम पुढे ढकलला, आणि तपासणीनंतर पुस्तक परत ठेवलं. काळ्या मुलाची गोष्ट वाचून गोऱ्या मुलांना अपराधी वाटेल, असा तक्रारीचा सूर होता.

डब्याचा प्रसंग आता झिजला आहे, असं तिकडचे भारतीय आणि चिनी वंशाचे वाचकच म्हणू लागलेत. डबा उघडला, वास सुटला, मुलांनी नाकं मुरडली, घरी येऊन आईला सँडविच मागितलं. दहा पुस्तकांत तेच. तक्रार खरी आहे. हल्ली वर्गात चार भारतीय मुलं असली तर त्या डब्यावर उड्या पडण्याचीही शक्यता असते. पण डब्यापेक्षा मोठी उणीव मला दुसरीच वाटते. 'मी' म्हणून बोलणारी मुलं बहुतेक वेळा तिथे जन्मलेली असतात. जिन बोलतो, वेई-चेन नाही. लेखा बोलते, अवंतिका नाही. मागाहून आलेला मुलगा कथेत येतो तो नायकाचे डोळे उघडायला. वर्षभरापूर्वी पुण्याच्या शाळेतून उठून थेट तिकडच्या सातवीत जाऊन बसलेल्या मुलीला लेखासारख्यांबद्दल काय वाटत असेल, याची कादंबरी क्वचितच सापडते. 'सेव्ह मी अ सीट' वेगळं ठरतं ते यामुळेच. तिथे अर्धी कथा रवी स्वतः सांगतो, अर्धी त्याच्या वर्गातला जो नावाचा मुलगा, आणि रवीची बाजू लिहिणाऱ्या वरदराजन स्वतः भारतातून तिकडे गेलेल्या शिक्षिका आहेत. पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थांच्या याद्या दोन आहेत. रवीच्या शब्दांची एक असणार हे आपण धरूनच चालतो. दुसरी जोच्या अमेरिकन शब्दांची आहे.